नितीनला मी बोलायला शिकवलं

मी जबलपूर सोडलं त्या सकाळी बसस्टँडवर बाबा गप्प उभे होते आणि माझा भाऊ नितीन सगळ्या जगाशी बोलून राहिला होता. नागपूरची बस होती, तिथून पुढे पुणे. मी तेवीस वर्षांची, बी.कॉम. फर्स्ट क्लास, सर्टिफिकेटांची फाईल छातीशी धरलेली, आणि ही बस नागपूरचीच ना एवढं विचारायची हिंमत नाही. नितीन माझ्याहून चार वर्षांनी लहान. त्यानं पाच मिनिटांत कंडक्टरला 'भैया' केलं, त्याच्या गुडघ्याचं सगळं दुखणं ऐकून घेतलं, मला पुढची खिडकीची जागा मिळवून दिली आणि वरून सांगितलं, दीदी पहली बार अकेली जा रही है, जरा देख लेना. त्या कंडक्टरनं नर्मदेवरच्या तिलवाऱ्याच्या पुलापासून नागपूरपर्यंत एक थांबा सोडला नाही. प्रत्येक ठिकाणी खिडकीशी येऊन विचारायचा, बिटिया, चाय पिओगी?

बस हलायच्या आधी बाबा खिडकीजवळ आले. ते कारखान्यात फिटर होते, उभा जन्म मशीनच्या आवाजात गेलेला, त्यामुळे घरीही मोजकंच बोलायचे. म्हणाले, "पोरी, लोकाइशी बोलाले शीक. याच्यासारखं." आणि नितीनकडे बोट केलं. मला असा राग आला की विचारू नका. अभ्यास मी करायची, मार्क मी आणायची, आणि शिकायचं कोणाकडून, तर बारावीत एकदा गटांगळी खाल्लेल्या या माणसाकडून. नर्मदा कधी मागे गेली ते मला कळलं पण नाही.

ऑफिसात मी 'गेले, आले, बोलले' म्हणते. इथं नाही म्हणणार, कारण हे मी घरच्या लोकांसाठी लिहून राहिली आहे. जे जबलपुरातच, महाराजपूरच्या आमच्या कॉलनीत राहिले त्यांच्यासाठी, आणि जे माझ्यासारखे पुणे, बंगलोर, हैदराबाद करत गेले त्यांच्यासाठीही. विहाराच्या मंडळाचा मला मेसेज आला होता की ताई, आपल्या मुलांसाठी दोन पानं लिहा. लोकांशी नीट बोलता आलं की नोकरी कशी मिळते, तुमची सक्सेस स्टोरी. तर लिहिते. पण आहे तशी लिहिते. ग्रुपवर टाकायची की नाही ते नंतर तुमचं तुम्ही बघा.

पुण्यात पहिल्या इंटरव्ह्यूत मला म्हणाले, स्वतःबद्दल सांगा. मी सांगितलं, वडील कारखान्यात फिटर आहेत, आई घरी असते, आजोबा भंडाऱ्याकडून कामासाठी जबलपूरला आले, एक लहान भाऊ आहे, सगळ्यांशी गोड बोलतो. समोरचे दोघं एकमेकांकडे पाहू लागले. एकानं हसू दाबत विचारलं, ते सगळं छान, पण तुम्ही? मला कळेचना. मी तर मघापासून माझंच सांगत होती. आमच्याकडे कोणी विचारलं तू कोण, तर माणूस आधी आपल्या घरचे सांगतो, मग जमलं तर स्वतःचं. असे सहा इंटरव्ह्यू गेले. सहाही ठिकाणी मी माझ्या बाबांची नोकरी सांगून आली.

वरून घरमालकीणबाई मला म्हणायच्या, तुम्ही हिंदीवाल्या ना, तरी मराठी बरं बोलता. जबलपूरला शाळेत मला 'मराठी' म्हणून चिडवायचे, आणि इथं मी हिंदीवाली. चलो, ठीक आहे. कुठं तरी काहीतरी असावंच लागतं माणसाला.

सातव्या इंटरव्ह्यूच्या आधी मी क्लास लावला. एका मेडिकल दुकानाच्या वर खोली होती, भिंतीला लांब आरसा, आणि पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट शिकवणाऱ्या एक मॅडम. त्यांनी मला हसायला शिकवलं, म्हणजे किती हसायचं ते शिकवलं. समोरच्याच्या डोळ्यांत तीन सेकंद पाहायचं, मग नजर त्याच्या भुवयांवर न्यायची, मग परत डोळ्यांत. तो बोलत असताना तीनदा मान हलवायची. हात पोटाशी एकावर एक. तो चिडला असेल तर आवाज खाली आणून म्हणायचं, 'आय कम्प्लीटली अंडरस्टँड.' आपलं घरचं सांगायचं नाही, त्याचं घरचं विचारायचं नाही, आणि मागितल्याशिवाय कोणाला काही द्यायचं नाही. मी खोलीवर आरशासमोर उभी राहून करायची आणि बरोबरच्या मुली पोट धरून हसायच्या. पण सातव्या इंटरव्ह्यूत मला नोकरी लागली. कस्टमर सपोर्टमध्ये, कानाला हेडफोन लावून.

बाबांना फोन केला तर त्यांनी एकच विचारलं, लोकाइशी बोलतेस ना आता? मी म्हटलं, हो बाबा, तेच तर काम आहे. ते खूश झाले. त्यांना वाटलं पोरगी नितीनसारखी झाली.

मग मी वर चढत गेली. टीम लीडर झाली, मग ट्रेनिंगमध्ये आली, तिथली हेड झाली. आज मी दुसऱ्यांना हेच शिकवते. साताऱ्याची, लातूरची, रायपूरची पोरं माझ्यासमोर येतात, पहिल्या दिवशी मान वर करत नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी सगळी एकसारखी हसतात. इंटरपर्सनल स्किल्स म्हणतात याला. खोटं कशाला बोलू, मला ते येतं आणि मी चांगलं शिकवते. इतकं येतं की चार वर्षांपूर्वी बाबा गेले तेव्हा पुण्यानुमोदनाला आलेल्या लोकांशीही मी त्याच आवाजात बोलली. आल्याबद्दल धन्यवाद, तुमच्या भावना मी समजू शकते. आई कोपऱ्यात बसून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "घरी आहेस तू." मला तेव्हाही कळलं नाही ती काय म्हणून राहिली आहे.

आता नितीनचं सांगते. तो अधारतालकडच्या एका टू-व्हीलर सर्व्हिस सेंटरमध्ये लागला होता, पुढच्या काउंटरवर. तिथं जे लोक येतात ते तापूनच येतात. कालच सर्व्हिसिंग झालेली गाडी मझौलीच्या रस्त्यात बंद पडलेली असते, दहा किलोमीटर ढकलत आणलेली असते, आणि तो माणूस गेटमधूनच आई-बहीण काढत येतो. नितीन वाद घालत नाही, माफी पण मागत नाही. एक लाल प्लास्टिकचं स्टूल आहे, ते ओढून त्याच्यासमोर ठेवतो. माठातून स्टीलच्या ग्लासात पाणी आणतो आणि म्हणतो, पहले पानी पी लो भाईसाहब, गाड़ी कहीं नहीं जा रही. तो पाणी पिईपर्यंत गाडीचं नावही काढत नाही. मग विचारतो, घर में सब ठीक? आणि तो माणूस, जो मारायला आलेला असतो, तो सांगायला लागतो की बायको दवाखान्यात आहे, पोरीचं लग्न आहे, पाऊस झाला नाही. अर्ध्या तासात गाडीचा राग संपलेला असतो. सेंटरचा मालक म्हणायचा, मेकॅनिक दुसरा मिळेल, हा आदमी नाही मिळणार.

हे त्याला कोणी क्लासमध्ये नाही शिकवलं. हा आमच्या घरचा नियम होता. दाराशी कोणीही येवो, पोस्टमन, वर्गणीवाला, भांडायला आलेला शेजारी, त्यानं पाणी घेतल्याशिवाय बाबा त्याला कामाचं बोलू द्यायचे नाहीत. आजोबांच्या हातचं पाणी त्यांच्या गावात कोणी घेत नव्हतं. विहिरीवरही चढू द्यायचे नाहीत. म्हणून बाबांनी जबलपूरला स्वतःचं दार झालं तेव्हा ठरवलं की इथून कोणी कोरडं जाणार नाही. कोणी आमच्या घरी ग्लास तोंडाला लावला की बाबा तो खाली ठेवेपर्यंत बघत राहायचे. मी हे लहानपणापासून पाहिलं, आणि तरी विसरली. नितीननं तेच उचलून दुकानात नेलं.

पण त्याची नोकरी कच्ची होती. दर सहा महिन्यांनी नवा कागद. नागपूरच्या एका मुलीचं स्थळ आलं होतं, दोघांचं फोनवर चांगलं जमलं होतं, आणि मुलीच्या बापाचं एकच म्हणणं होतं की नोकरी परमनंट पाहिजे. आई रोज मला फोन करायची. तेवढ्यात आमच्याच कंपनीत कस्टमर केअरच्या जागा निघाल्या, गिऱ्हाइकाशी समोरासमोर बोलायच्या. पक्की नोकरी, पीएफ, सगळं. मी नितीनला म्हटलं, हे तुझंच काम आहे, फक्त मी सांगते तसं बोल.

महिनाभर दर रविवारी मी त्याला व्हिडिओ कॉलवर शिकवलं. 'जी जी' करू नको. कोणी आत आलं की उठून उभा राहू नको. भैया-दीदी बंद. तीन सेकंद डोळे, मग भुवया. तो करायचा बिचारा. आई मागून चहा घेऊन जायची आणि हसायची. एकदा त्यानं विचारलं, "ताई, माणूस तापून आला आहे, समोर उभा आहे, त्याला बस पण नाही म्हणायचं काहून?" मी म्हटलं, तो त्याच्या मर्जीनं बसेल, तू आधी त्याचा प्रॉब्लेम ॲक्नॉलेज कर. मग तो म्हणाला, "आणि पाणी?"

मी जे बोलली ते मला शब्दाला शब्द आठवते. मी म्हटलं, "पाणी तर अजिबात नाही. प्यून म्हणून चालला आहेस का तिथं?"

त्यानं मान हलवली. मग म्हणाला, अच्छा. त्यानंतर त्यानं पाण्याचं कधी विचारलं नाही. बाबा असते तर त्यांनी माझ्या थोबाडीत मारली असती, आणि मारायलाच पाहिजे होती. ज्या घरानं पाणी देता यावं म्हणून एवढं केलं, त्या घरच्या पोराला मी पाणी देण्याची लाज शिकवली.

इंटरव्ह्यूला तो पुण्याला माझ्याकडे उतरला. निळा शर्ट, नवे बूट. सकाळी निघताना माझ्याशी हात मिळवला, अगदी मी शिकवला तसा, आणि हसला. मला वाटलं, झालं काम. मी त्याच ऑफिसात, पण घरचा माणूस म्हणून त्या पॅनलवर नव्हती. पॅनलवर माझी सहकारी मृणाल होती. तिथं उमेदवाराला एक प्रसंग करून दाखवावा लागतो. मृणाल चिडलेलं गिऱ्हाईक होऊन आत येते आणि उभ्या उभ्या भांडते. खोलीत दोन खुर्च्या असतात, टेबलावर पाण्याचा जग आणि ग्लास असतो. ते मुद्दाम ठेवलेलं असतं. मला माहीत नव्हतं. ही नवी पद्धत त्यांनी त्याच महिन्यात सुरू केली होती.

दुपारी पँट्रीत मृणाल मला भेटली. म्हणाली, अगं, तुझा भाऊ. सात मिनिटं मी उभी राहून ओरडले, त्यानं मला बसा म्हटलं नाही. नुसता मान हलवतो आणि आय अंडरस्टँड म्हणतो. मला मशीनशी बोलल्यासारखं वाटलं. तिनं फॉर्मवर लिहिलं होतं ते मी नंतर पाहिलं: पाठ केलेलं बोलतो, आपुलकी नाही. आणि घेतलं कोणाला, तर बीडकडच्या एका उमेदवाराला. त्यानं खुर्ची ओढली आणि सरळ म्हटलं, बसा हो मॅडम, आधी पाणी घ्या. मृणाल सांगत होती की आजकाल वरूनच आलं आहे, पॉलिश नको, माणूस माणसासारखा वागतो का ते बघा.

मग तिनं विचारलं, "कोणी करून घेतली गं याची तयारी? मुळात असा नाही वाटत तो."

इथं मला बोलायचं होतं. एवढंच म्हणायचं होतं की मी करून घेतली, तो असा नाही, त्याला परत एकदा बोलव आणि त्याचं त्याला करू दे. मृणालनं बोलावलं असतं, तेवढी ती चांगली आहे. पण मग सगळ्यांना कळलं असतं की ट्रेनिंगची हेड जे शिकवते त्यानं माणूस मशीन होतो. माझी खुर्ची माझ्या डोळ्यांसमोर आली. मी हसली, मापात हसली, आणि म्हटलं, "काय माहीत, लावला असेल कुठला तरी क्लास."

बारा वर्षांत मी एवढं शिकली. जिथं बोलायचं तिथं मी चूप बसली आणि कोणाला कळलंही नाही.

नितीननं संध्याकाळी विचारलं, ताई, माझं काय चुकलं ते सांग, मी सुधारीन. मी सांगितलं, काही नाही चुकलं रे, कॉम्पिटिशन खूप होती. दुसऱ्या दिवशी तो परत गेला. महिन्याभरात नागपूरचं स्थळ मोडलं. आईनं फोनवर एका वाक्यात सांगितलं आणि लगेच भाजीचं बोलायला लागली.

या मार्चमध्ये मी घरी गेली. नितीन मला घ्यायला आला नाही, त्यानं ऑटोवाल्याचा नंबर पाठवला, सोबत हात जोडल्याचं चित्र. घरी आई म्हणाली, "बरा आहे तो. कामावर जाते, टायमावर जेवते. फक्त मले थँक्यू म्हणते आता. पोळी वाढली तरी थँक्यू म्हणते." ती हसून सांगत होती आणि तिचे डोळे भरले होते. रात्रीच्या जेवणाला तो समोर बसला. प्रवास कसा झाला विचारलं, मी बोलत असताना मान हलवली. तीनदा. मी मोजली, सवय आहे मला.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या सर्व्हिस सेंटरवर गेली. घरात आईसमोर सांगायची हिंमत नव्हती. काउंटरच्या बाजूला ते लाल स्टूल होतं, माठ होता, सगळं तसंच. मी उभ्या उभ्याच सुरुवात केली आणि सगळं सांगून टाकलं. खोलीतला पाण्याचा जग, मृणालचा फॉर्म, तिनं काय विचारलं आणि मी काय उत्तर दिलं. मी म्हटलं, "तू नाही नापास झाला नितीन. मी झाली. तुला येत होतं ते मी काढून घेतलं आणि वरून तुझी बाजू पण घेतली नाही. मला शिव्या दे, पण चूप नको बसू."

त्यानं सगळं ऐकलं. हात पोटाशी एकावर एक. माझ्या डोळ्यांत पाहिलं, मग भुवयांवर, मग परत डोळ्यांत. आणि आवाज खाली आणून म्हणाला, "आय कम्प्लीटली अंडरस्टँड, ताई. तू सांगितलं त्याबद्दल थँक यू."

मी त्याच्या चेहऱ्यावर थट्टा शोधली. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं, निदान तो माझ्यावर चिडला आहे एवढं तरी कळलं असतं. पण तो नुसता हसला, जेवढं हसायचं तेवढं. माझ्या आजवरच्या बॅचमध्ये इतकं पक्कं कोणालाच जमलं नव्हतं.

तेवढ्यात एक माणूस गाडी ढकलत, घामाघूम, गेटपासूनच ओरडत आत आला. नितीन हलला. माझ्या शेजारचं स्टूल उचलून त्यानं त्या माणसासमोर ठेवलं, माठातून ग्लास भरून आणला आणि म्हणाला, "पहले पानी, भाईसाहब." त्याचा आवाज एकदम वेगळा झाला होता. बसस्टँडवरच्या त्या सकाळचा आवाज होता तो. त्या माणसानं घटाघटा पाणी प्यायलं, आणि नितीन तो ग्लास खाली ठेवेपर्यंत बघत राहिला. मग वाकून विचारलं, घर में सब ठीक? दहा मिनिटांत दोघं हसून राहिले होते.

मी तिथंच काउंटरला टेकून उभी होती. माझा घसा कोरडा पडला होता. मी पाणी मागितलं असतं तर नितीननं लगेच आणून दिलं असतं, आणि मी थँक यू म्हटल्यावर वेलकमही म्हटलं असतं. पण आमच्या घरात आजवर कोणाला पाणी मागावं लागलं नव्हतं. मी आणखी थोडा वेळ थांबली, मग आईकडे निघून आली.

मंडळाच्या लोकांनो, मुलांना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. नोकरी मला लागली, हे खरं आहे. क्लासनं लागली, हेही खरं आहे. पुण्यात कोणी विचारलं तुमचं घर कुठलं, तर मी अजून जबलपूरच सांगते. तिथं आई आहे, माठ आहे, भाऊ आहे. वर्षातून दोनदा जाते. नितीन माझ्याशी फार चांगलं बोलतो. मीच शिकवलं आहे त्याला.